शेवटच्या दिवशी पोर्टल संथ का चालते? सर्व्हरचा वेग, आभासी यंत्रे आणि आपला अर्ज

थोडक्यात

- सर्व्हरचा प्रोसेसर नेहमी एकाच वेगाने चालत नाही. वीज वाचवण्यासाठी तो काम कमी असताना वेग उतरवतो आणि काम वाढले की चढवतो.
- सरकारी पोर्टले बहुधा आभासी सर्व्हरवर चालतात. तेथे वेगाचे बटण पोर्टलच्या हाती नसून खालच्या प्रत्यक्ष यंत्राच्या हाती असते.
- हे बटण गर्दीच्या दिवसांआधी नीट लावले नसेल तर रांग वाढते आणि ओटीपीची मुदत रांगेतच संपते.
- सर्व्हर संथ झाला तरी त्याचे घड्याळ संथ होत नाही. अंतिम मुदत ठरल्या वेळीच संपते.
- अर्ज अडकल्यास काय करावे, हे लेखाच्या उत्तरार्धात दिले आहे.

हा विषय आपल्याशी कसा संबंधित आहे?

अर्ज भरून झाला. सातबारा, पासबुक, स्वयंघोषणापत्र चढवून झाले. आपण ‘सादर करा’ दाबले आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले. ओटीपी टाकला तर ‘मुदत संपली’ असा संदेश आला. सेवा केंद्रात मागे वीस जण उभे आहेत, आणि केंद्रचालक म्हणतो, “सर्व्हर डाउन आहे, उद्या या.” उद्या मात्र मुदत उरलेली नाही.

पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत, शिष्यवृत्तीच्या अंतिम तारखेला किंवा नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना अनेकांना हा अनुभव येतो. अशा वेळी काही जण आपल्याच मोबाइलला दोष देतात, काही जण तोच अर्ज पाच वेळा भरतात, तर काही जण घाबरून भलत्याच लिंकवर पैसे भरतात. आत नेमके काय घडते हे समजले, तर यातल्या बऱ्याच चुका टळतात.

आपला अर्ज कोठे जातो?

आपण मोबाइलवर भरलेली माहिती एका डेटा सेंटरमधील सर्व्हरकडे जाते. सर्व्हर म्हणजे अनेकांची कामे एकाच वेळी करणारा मोठा संगणक. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, यांची राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. सरकारी खात्यांनी प्रत्येक पोर्टलसाठी वेगळे यंत्र विकत न घेता सामाईक यंत्रणा वापरावी, यासाठी ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउड उभारण्यात आला. एनआयसीची राष्ट्रीय क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली.

क्लाउडमध्ये एका मोठ्या प्रत्यक्ष सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक भाग पाडले जातात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. यालाच आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हे भाग पाडणाऱ्या आणि त्यांना कामाची पाळी देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. केव्हीएम, व्हीएमवेअर ईएसएक्सआय आणि हायपर-व्ही ही त्याची परिचित नावे आहेत.

प्रोसेसरचा वेग म्हणजे काय आणि तो कमी का करतात?

प्रोसेसर हा सर्व्हरचा मेंदू. तो ठोक्यांवर चालतो. एका सेकंदात किती ठोके पडतात त्याला वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी म्हणतात. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ अब्ज ठोके. ठोके जास्त, तर तेवढ्याच वेळात काम जास्त.

मग तो कायम पूर्ण वेगाने का चालवत नाहीत? कारण वीज आणि उष्णता. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, आणि त्याला दिलेल्या विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग कमी केला की दाबही कमी ठेवता येतो. समजा, दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे साधारण ०.५१. वेग पाचव्या भागाने घटला, पण कामासाठी लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर आली. शिवाय निघालेली उष्णता बाहेर काढायला वातानुकूलन लागते, त्याचीही वीज वाचते. रात्री दोन वाजता पोर्टलवर मोजकेच लोक असताना ही बचत योग्यच आहे. ती वीज सार्वजनिक पैशातून येते.

घरातील पंख्याला रेग्युलेटर असतो, तसे हे आहे. फरक इतकाच, की येथे रेग्युलेटर सॉफ्टवेअर फिरवते, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात.

रेग्युलेटर कोण फिरवते?

लिनक्स प्रणालीत या कामासाठी ‘गव्हर्नर’ नावाचे नियम असतात. मुख्य गव्हर्नर असे:

- परफॉर्मन्स: शक्य तितका वरचा वेग धरून ठेवतो.
- पॉवरसेव्ह: खालचा वेग धरून ठेवतो. मात्र इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर याच नावाचा नियम भार पाहून वेग बदलतो. त्यामुळे नुसत्या नावावर न जाता प्रत्यक्ष वेग मोजावा लागतो.
- ऑनडिमांड आणि कन्झर्व्हेटिव्ह: भार पाहून वेग बदलतात. पहिला झटकन चढवतो, दुसरा टप्प्याटप्प्याने.
- शेडयुटिल: प्रणालीचा कामवाटप करणारा भाग जो अंदाज देतो, त्यावरून वेग ठरवतो.

याशिवाय दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ‘टर्बो’: थोडेच गाभे, म्हणजे कोअर, कामात असतील तर प्रोसेसर त्यांना नेहमीच्या वेगाच्याही वर नेतो. सगळे गाभे एकदम राबू लागले की ही जादा गती कमी होते, कारण वीज आणि उष्णतेची मर्यादा आड येते. दुसरी म्हणजे विश्रांती-अवस्था: रिकामा गाभा झोपी जातो. झोप जितकी गाढ, तितका जागे व्हायला थोडा जास्त वेळ लागतो.

आभासी सर्व्हरवर अडचण कोठे येते?

एका चाळीत तीस खोल्या आहेत आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर एकच आहे, अशी कल्पना करा. एखाद्या भाडेकरूने आपल्या खोलीतील नळ पूर्ण सोडला तरी मोटर जोरात चालत नाही. मोटरचे बटण खाली मालकाकडे आहे.

आभासी यंत्राचे तसेच आहे. पोर्टल सांभाळणारा अभियंता बहुधा फक्त आपल्या ‘खोलीत’, म्हणजे आभासी यंत्रात काम करतो. तेथे गव्हर्नर बदलण्याची सोयच अनेकदा दिसत नाही. दिसली तरी तिचा खालच्या प्रोसेसरवर सहसा परिणाम होत नाही. शिवाय आभासी यंत्राला प्रोसेसरचा जो वेग दिसतो तो बहुधा पाटीवरचा वेग असतो. पाटीवर ३ गिगाहर्ट्झ लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात खाली २ वर काम चालू असते, असे होऊ शकते.

वेगाचा निर्णय तीन ठिकाणी होतो:

१. प्रत्यक्ष यंत्राच्या बायोसमध्ये. येथे ‘वीज वाचवा’ असे कायमचे ठरवलेले असेल, तर वरचे कोणतेही सॉफ्टवेअर ते बदलू शकत नाही.
२. हायपरव्हायजरमध्ये. व्हीएमवेअर ईएसएक्सआयमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’, ‘बॅलन्स्ड’, ‘लो पॉवर’ आणि ‘कस्टम’ अशी धोरणे असतात. हायपर-व्हीमध्ये विंडोजचे पॉवर प्लॅन लागू होतात. केव्हीएममध्ये यजमान लिनक्सचा गव्हर्नर चालतो.
३. प्रोसेसरमध्ये स्वतः. उष्णता किंवा विजेची मर्यादा ओलांडू लागली की तो आपणहून वेग उतरवतो.

नियम नीट लावलेले असतील तर सलग भार येताच वेग चढतो आणि काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो पुढील प्रसंगी. बायोसमध्ये खालचा वेग पक्का करून ठेवला असेल, तर गर्दी कितीही झाली तरी तो चढत नाही. काम तुटक तुटक येत असेल, म्हणजे प्रत्येक अर्जाच्या छोट्या तपासण्या आणि मध्ये डेटाबेसची वाट पाहणे, तर सरासरी भार कमी दिसतो. रेग्युलेटर समजतो की घाई नाही, आणि प्रत्येक तपासणी थोडी लांबते. एकाच यंत्रावर गरजेपेक्षा जास्त आभासी यंत्रे बसवली असतील, तर पूर्ण वेग असूनही पाळीची वाट पाहावी लागते. या शेवटच्या प्रकारात लिनक्सच्या आभासी यंत्रात ‘स्टील टाइम’ नावाचा आकडा वाढलेला दिसतो. आपला वेळ शेजारच्या खोलीने घेतला, असा त्याचा अर्थ.

एक हिशोब: वेग आणि ओटीपी

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. हे कोणत्याही खऱ्या पोर्टलचे आकडे नाहीत.

समजा, पूर्ण ३ गिगाहर्ट्झ वेगाने सर्व्हर सेकंदाला १२० विनंत्या हातावेगळ्या करतो. शेवटच्या दिवशी सेकंदाला १०० विनंत्या येत आहेत. क्षमता जास्त असल्यामुळे मोठी रांग लागत नाही.

आता तोच सर्व्हर २ गिगाहर्ट्झवर अडकवून ठेवला. सगळे काम प्रोसेसरचेच आहे असे धरले, तर तो सेकंदाला ८० विनंत्या निपटतो. येतात १००, निघतात ८०. दर सेकंदाला २० मागे राहतात.

- १० मिनिटांनी रांगेत १२,००० विनंत्या. शेवटच्या माणसाची प्रतीक्षा अडीच मिनिटे.
- ४० मिनिटांनी रांगेत ४८,००० विनंत्या. शेवटच्या माणसाची प्रतीक्षा १० मिनिटे.

आधारचा ओटीपी १० मिनिटेच चालतो. म्हणजे आपण वेळेत टाकलेला ओटीपी रांगेतच शिळा होतो. प्रत्यक्षात बहुधा त्याआधीच ब्राउझर थकून ‘टाइमआउट’ दाखवतो. मग लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात, एका माणसाच्या तीन-तीन विनंत्या होतात, आणि रांग आणखी वाढते.

यातून दोन गोष्टी कळतात. वेगातला तिसरा हिस्सा गेला, तर कामही फक्त तिसऱ्या हिश्श्याने लांबेल असे नाही. क्षमता येणाऱ्या कामापेक्षा खाली गेली की रांग वाढतच जाते. आणि अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने आपलेही नुकसान होते आणि मागच्यांचेही.

पोर्टल चालवणाऱ्यांनी काय करायचे असते?

ही कामे यंत्रणेची आहेत. पण ती कोणती, हे आपल्यालाही माहीत असलेले बरे.

- गर्दीचा काळ सुरू होण्याआधी पोर्टलच्या चमूने डेटा सेंटरच्या चमूला लेखी कळवणे, कारण बटण त्यांच्याकडे आहे.
- बायोसमध्ये वेगाचे नियंत्रण प्रणालीकडे द्यायचे किंवा कमाल कामगिरीवर ठेवायचे, हे ठरवणे.
- हायपरव्हायजरचे धोरण गर्दीपुरते ‘हाय परफॉर्मन्स’वर नेणे.
- वेग प्रत्यक्ष यंत्रावर मोजणे. लिनक्समध्ये ‘सीपीयूपॉवर’ आणि ‘टर्बोस्टॅट’ ही साधने त्यासाठी आहेत. आभासी यंत्रात ‘स्टील टाइम’ पाहणे.
- विश्रांती-अवस्था सरसकट बंद न करणे. काही गाभे झोपले, तर वाचलेल्या विजेतून उरलेल्यांना टर्बो मिळतो. म्हणून बदल एकेक करून, आधी आणि नंतर मोजणे.
- मुदत संपल्यावर धोरण पुन्हा ‘बॅलन्स्ड’वर आणणे, म्हणजे विजेचा अपव्यय होत नाही.

एवढे करूनही सगळा संथपणा जात नाही, हेही खरे. डेटाबेसमध्ये कुलूप लागले असेल, एसएमएस उशिरा पोहोचत असेल, आधार किंवा बँकेची यंत्रणा उत्तर देत नसेल किंवा गावातील नेटवर्क कमजोर असेल, तर प्रोसेसर कितीही जोरात पळाला तरी उपयोग नाही.

सर्व्हर संथ झाला तर त्याचे घड्याळही संथ होते का?

नाही. जुन्या प्रोसेसरांत वेग बदलला की वेळ मोजणाऱ्या ठोक्यांवरही परिणाम होई, आणि आभासी यंत्रांची घड्याळे मागेपुढे होत. आजच्या प्रोसेसरांत वेळमोजणीचा ठोका स्थिर असतो; कामाचा वेग चढला-उतरला तरी तो बदलत नाही. शिवाय सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात.

म्हणून ‘सर्व्हर संथ होता, तेव्हा मुदतही थोडी पुढे जाईल’ असे धरून चालू नका. मुदतवाढ फक्त सक्षम अधिकाऱ्यांच्या आदेशानेच मिळते.

लाभार्थ्यांनी काय करावे?

मुदतीआधी

- शेवटचे तीन दिवस टाळा. शक्य असल्यास सकाळी लवकर अर्ज भरा.
- कागदपत्रे पोर्टलने सांगितलेल्या आकारात आधीच तयार ठेवा. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ आणि चार्ज केलेला ठेवा.
- दुसरा मार्ग माहीत करून घ्या. पीक विम्यासाठी बँक आणि सामाईक सेवा केंद्र, हयातीच्या दाखल्यासाठी बँक, टपाल विभाग किंवा मोबाइलवरील चेहरा-पडताळणी असे पर्याय आहेत.

पोर्टल अडकल्यावर

- ‘सादर करा’ एकदाच दाबा. काही मिनिटे थांबा.
- नवा अर्ज भरण्याआधी ‘अर्जाची स्थिती’ पाहा. पडदा अडकला तरी अर्ज आत पोहोचलेला असू शकतो.
- जुना ओटीपी पुन्हा टाकू नका. नवा मागवा आणि सर्वांत शेवटी आलेलाच वापरा.
- तारीख आणि वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो.

पैसे कापले गेले, पण पावती आली नाही तर

- लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका.
- यूपीआयने दुकानदार किंवा संस्थेला केलेला व्यवहार अयशस्वी झाला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय आहे.
- व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

सावध राहा

‘मुख्य सर्व्हर बंद आहे, या लिंकवर भरा’ असा संदेश आला, तर तो उघडू नका. गर्दीच्या दिवसांत असे बनावट संदेश फिरतात. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झाल्यास त्वरित १९३० या क्रमांकावर कळवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझाच मोबाइल संथ आहे की सर्व्हर, हे कसे ओळखावे?
त्याच वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. ते लगेच उघडले आणि पोर्टलच अडकत असेल, तर अडचण बहुधा सर्व्हरच्या बाजूला आहे. दुसरेही उघडत नसेल, तर नेटवर्क तपासा.

महागडा मोबाइल घेतला तर अर्ज लवकर जाईल का?
नाही. रांग सर्व्हरवर असते. साधा मोबाइल आणि बऱ्यापैकी नेटवर्क पुरेसे आहे.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देता आला नाही, तर पेन्शन कायमची बंद होते का?
नाही. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांचे पेन्शन दाखला येईपर्यंत थांबते आणि दाखला दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. ८० वर्षे व त्यावरील निवृत्तिवेतनधारक १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात. त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये.

पिकाचे नुकसान कळवायचे आहे आणि पोर्टल चालत नाही. काय करू?
पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक आहे. पोर्टल सुरू होण्याची वाट न पाहता १४४४७ या क्रमांकावर कळवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पीएम-किसानची ई-केवायसी ओटीपीने होत नाही. दुसरा मार्ग आहे का?
आहे. जवळच्या सामाईक सेवा केंद्रात बोटांच्या ठशांनी किंवा अधिकृत मोबाइल अॅपवर चेहरा-पडताळणीने ई-केवायसी करता येते. चौकशीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे.

पोर्टल संथ असल्याची तक्रार करून उपयोग होतो का?
होतो, पण नुसते ‘साइट चालत नाही’ असे लिहू नका. तारीख, नेमकी वेळ, कोणत्या पायरीवर अडकले आणि कोणता संदेश दिसला, हे लिहा. त्या वेळेच्या नोंदी तपासूनच अभियंत्यांना कळते की दोष वेगाच्या धोरणात होता, पाळीच्या वाटपात होता की डेटाबेसमध्ये. संबंधित खात्याकडे दाद न मिळाल्यास सीपीग्राम्स या केंद्रीय तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

लक्षात ठेवा

अर्ज क्रमांक किंवा पावती मिळाल्याशिवाय अर्ज पूर्ण झाला असे समजू नका. केंद्रचालकाने ‘झाले’ असे सांगितले तरी पावती मागून घ्या. योजनेच्या अंतिम तारखा राज्य, पीक आणि वर्षानुसार बदलतात. आपल्या राज्याची चालू अधिसूचना पाहूनच तारीख निश्चित करा.